दुय्यम पात्रांचं फॅन आर्ट: काम आधी, चेहरा शेवटी

शेरलॉक होम्सची घरमालकीण मिसेस हडसन म्हटलं की चहाचा ट्रे घेतलेली गोड आजी. होम्सचा मित्र वॉटसन म्हटलं की त्याच्या मागे उभा असलेला गोलमटोल, मिशाळ गृहस्थ. स्कॉटलंड यार्डचा, म्हणजे लंडन पोलिसांचा, डिटेक्टिव्ह लेस्ट्रेड म्हटलं की गणवेशातला, तोंडाचा आ वासलेला पोलीस. अभिजात गुप्तहेरकथांमधल्या दुय्यम पात्रांची चाहत्यांनी काढलेली चित्रं (फॅन आर्ट) बघत गेलं की हेच तीन पुतळे पुन्हा पुन्हा भेटतात. रेषा सफाईदार असते, शेडिंग सुरेख असतं, पण खालचं नाव झाकलं तर कोण आहे ते ओळखू येत नाही.

गडबड होते ती क्रमात. बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात, आणि नेमकं चेहऱ्याबद्दलच लेखकांनी फार थोडं लिहून ठेवलेलं असतं. मग ती रिकामी जागा पडद्यावर पाहिलेला नट भरून काढतो. दुय्यम पात्र खोलीत कसं येतं, हातात काय धरतं, कुठे बसतं याबद्दल मात्र कथेत बरंच काही सापडतं. चित्र तिथूनच उभं करायचं.

खालच्या टप्प्यांमध्ये मुख्य उदाहरण म्हणून मिसेस हडसन घेतली आहे, कारण तिच्या रूपाबद्दल मूळ कथांमध्ये जवळजवळ काहीच नाही. ती जमली की बाकीची सोपी जातात. 'द एम्प्टी हाउस' वाचली नसेल तर आधी वाचून या. पुढे त्या कथेतलं रहस्य उघड होणार आहे.

## १. पात्र नव्हे, एक कथा निवडा

होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा आहेत, आणि त्यांचा लेखक कॉनन डॉयल स्वतःच मागचं लिहिलेलं तपासत बसायचा नाही. त्यामुळे 'लेस्ट्रेड काढतो' असं ठरवून बसलात की अडकलात. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये (१८८७) तो लहानखुरा, फिकट पिवळट, उंदरासारख्या तोंडाचा आणि काळ्या डोळ्यांचा आहे. 'द बॉस्कम व्हॅली मिस्टरी'त तो फेरेट या निमुळत्या शिकारी प्राण्यासारखा शिडशिडीत आणि चोरट्या नजरेचा होतो. 'द सेकंड स्टेन'पर्यंत त्याच्या चेहऱ्याला बुलडॉगची उपमा मिळालेली असते. ही तिन्ही तोंडं एकाच चित्रात बसवायला गेलात तर कुठलाच प्राणी धड उभा राहत नाही.

वॉटसनच्या जखमेचंही तसंच. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत (१८८०) लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे, 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) दुखणारा अवयव पाय आहे. जी कथा घेतली असेल तिच्यातला अवयव खरा धरा. सरसकट हातात काठी देऊन टाकू नका.

निवडलेली कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि फक्त तुमचं पात्र जिथे येतं त्या जागा.

सावधान: संक्षिप्त आवृत्ती किंवा संक्षिप्त अनुवाद वापरू नका. कात्री लागते तेव्हा आधी वर्णनंच जातात, आणि आपल्याला तीच हवी आहेत.

## २. तीन रकान्यांची नोंद

हा टप्पा लोक सर्रास टाळतात. कागदावर तीन उभे रकाने पाडा: कथेत लिहिलेलं, मी ताडलेलं, आणि पडद्यावरून आलेलं. डोक्यात पात्राबद्दल जे जे आहे ते सगळं या तिघांपैकी एकात टाका. प्रामाणिकपणे टाका.

वॉटसनचं करून बघू. पहिल्या रकान्यात काय येतं? युद्धावरून परतल्यावर तो काटकुळा आणि उन्हाने रापलेला आहे. पुढे 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन'मध्ये (१९०४) मध्यम उंची, दणकट बांधा, चौकोनी जबडा, जाड मान, मिशा. हे वर्णन लेस्ट्रेड करतो, तेही एका फरार संशयिताचं म्हणून, आणि होम्स शांतपणे म्हणतो की हे तर वॉटसनचंही वर्णन होऊ शकेल. आणखी शोधलं तर 'द क्रुकेड मॅन'मध्ये दोन रत्नं सापडतात: तो लष्करी सवयीने रुमाल बाहीत खोचतो, आणि त्याच्या कोटावर तंबाखूची भुरभुरीत राख सांडलेली असते. बाहीतून डोकावणारा रुमाल काढला की हा माणूस सैन्यात होता हे गणवेश न घालता कळतं.

आता तिसरा रकाना. गोंधळलेला, लठ्ठ, बावळट वॉटसन येतो तो मुख्यतः १९३९ ते १९४६ या काळातल्या चित्रपटमालिकेतून. मूळ कथांमधला वॉटसन डॉक्टर आहे, रिव्हॉल्व्हर बाळगतो आणि घाबरत नाही. बावळट वॉटसन काढायला हरकत काहीच नाही, पण मग खाली 'त्या चित्रपटातला' असं लिहा.

पोलीस अधिकारी काढणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. ॲगाथा ख्रिस्तीने 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'मध्ये (१९२०) इन्स्पेक्टर जॅपचं वर्णन केलंय ते लहानखुरा, तल्लख, सावळा आणि फेरेटसारख्या तोंडाचा असं. म्हणजे लेस्ट्रेडचा सख्खा भाऊच. नुसत्या चेहऱ्यावर विसंबलात तर दोघांत फरक करता येणार नाही. तो कपड्यांचा काळ, हातातली वस्तू आणि उभं राहण्याची ढब यांतून दाखवावा लागेल. टीव्ही मालिकेतला उंच, मिशाळ, बोलर हॅटवाला जॅप डोळ्यांसमोर येत असेल तर तो तिसऱ्या रकान्यातला आहे हे लक्षात ठेवा.

मिसेस हडसनच्या पहिल्या रकान्यात रंगरूप, वय, केस यांपैकी काही नाही. पहिल्या कादंबरीत घरमालकिणीची भारदस्त पावलं ऐकू येतात, तेवढी लिहून घ्या. 'द एम्प्टी हाउस'मधून मात्र तिने त्या रात्री काय केलं ते ओळीनं लिहा.

तपासा: तिसरा रकाना सर्वांत लांब झाला असेल तर तुम्ही कथेचं चित्र काढायला निघालेले नाही आहात. पहिल्या टप्प्यावर परत जा.

## ३. क्षण निवडा

पात्र नुसतं उभं करून छातीपर्यंतचं चित्र काढणं हा आळशी मार्ग. एक क्षण निवडा, आणि तो निवडताना एकच अट लावा: त्या क्षणी काम नायक करत नसावा, तुमचं पात्र करत असावं. नायक चौकटीबाहेर असेल तर उत्तम. असलाच तर पाठमोरा, अर्धवट कापलेला.

'द नोबल बॅचलर'मधला लेस्ट्रेड घ्या. तो येतो तो खलाशासारखं जाडं जाकीट आणि क्रॅव्हट (गळ्यातला रुमाल) घालून, हातात काळी कॅनव्हासची पिशवी. दिवसभर हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावात गळ टाकून बेपत्ता वधूचा मृतदेह शोधत होता. पिशवी उघडून तो जमिनीवर ओततो: चकाकत्या रेशमाचा लग्नाचा झगा, पांढरे सॅटिनचे बूट, वधूचा फुलांचा मुकुट, जाळीचा पदर, सगळं भिजून रंग उडालेलं. आणि त्या ढिगावर वरून तो एक नवी कोरी लग्नाची अंगठी ठेवतो. दमलेला, थोडा चिडलेला आणि आपण काहीतरी शोधून आणलंय याचा अभिमान असलेला माणूस. अंगठी ठेवणारी ती दोन बोटं काढली की लेस्ट्रेड झाला. तोंड उंदराचं की फेरेटचं हा प्रश्नच मागे पडतो.

असे क्षण प्रत्येकाचे असतात. 'द ग्रीक इंटरप्रिटर'मध्ये (१८९३) होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट कासवाच्या पाठीच्या डबीतून तपकीर घेतो आणि कोटावर सांडलेली मोठ्या लाल रेशमी रुमालाने झटकतो. 'द साइन ऑफ फोर'मध्ये वॉटसन भावाचं घड्याळ होम्सच्या हातात देतो. चावीच्या भोकाभोवती ओरखडे, आत गहाणवटीच्या दुकानदाराने टोचलेले बारीक आकडे. डोरोथी सेअर्सच्या लॉर्ड पीटर विम्झी या गुप्तहेराचा सेवक बंटर ठसे टिपायला कॅमेरा लावतो.

आणि आपली मिसेस हडसन. होम्सवर गोळी झाडायला टपलेल्या माणसाला फसवण्यासाठी खिडकीजवळ होम्सचा मेणाचा अर्धपुतळा ठेवलेला आहे. पडद्यावर त्याची सावली पडते. ती जिवंत वाटावी म्हणून दर पाव तासाने कुणीतरी पुतळा किंचित फिरवायला हवा. हे काम मिसेस हडसन गुडघ्यांवर रांगत जाऊन करते, स्वतःची सावली पडणार नाही अशा बेताने. बाहेर बंदूक रोखलेली आहे हे तिला माहीत आहे. चहाचा ट्रे काढणाऱ्यांनी ही कथा एकदा वाचावीच.

## ४. लहान स्केचं आणि उजेडाचा हिशेब

निवडलेल्या क्षणाची आगपेटीएवढ्या चौकटीत पाच-सहा स्केचं करा. तपशील नको, फक्त काळं, पांढरं आणि एक मधली छटा. प्रत्येकात बघणाऱ्याची जागा बदला: दारातून, छतावरून, जमिनीलगत.

मिसेस हडसनच्या चित्रात बघणारा खोलीच्या आत असायला हवा. बाहेरून पाहिलं तर फक्त होम्सची सावली दिसते, आणि ते चित्र पुन्हा होम्सचंच होतं. आतून, जमिनीलगत पाहिलं तर ती समोर येते आणि पुतळा वर, कडेला जातो.

इथे हमखास होणारी चूक उजेडाची. अनेक जण तिला पुतळ्याच्या शेजारी छान उजेडात बसवतात, म्हणजे खिडकीच्या पडद्यावर दोन सावल्या पडल्या पाहिजेत आणि सगळा डाव फसला पाहिजे. ते टाळायला चित्र काढण्याआधी खोलीचा बाजूने दिसणारा छेद काढा:

१. डावीकडे दिवा, मध्ये छोट्या टेबलावर पुतळा, उजवीकडे पडदा सोडलेली खिडकी.

२. दिव्याच्या ज्योतीपासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढा.

३. मिसेस हडसनचं डोकं, पाठ आणि कोपर या रेघेच्या खाली राहिलं पाहिजे. वर गेलेला प्रत्येक भाग पडद्यावर सावली टाकणार.

४. जागा पुरत नसेल तर दिवा वर घ्या. दिवा जितका उंच, तितकी तिला हालचालीला जागा जास्त.

पुतळ्याच्या टेबलाभोवती होम्सचा ड्रेसिंग गाऊन गुंडाळलेला आहे, त्यामुळे हात त्याच्या आडून फिरवता येतात. ही पाच मिनिटांची आकृती तुम्हाला तिची ढब आपोआप देते: वाकलेली मान, जमिनीला टेकलेला एक तळवा, वर गेलेला दुसरा हात.

तपासा: सर्वांत चांगलं स्केच एखाद्या कथा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि फक्त विचारा, इथे काय चाललंय? 'कुणीतरी लपून काहीतरी हलवतंय' एवढं उत्तर आलं की पुढे जा. 'बाई काहीतरी शोधतेय' असं आलं तर हाताची दिशा बदला.

## ५. काळाचे संदर्भ

कथा प्रसिद्ध झाली ते साल आणि कथेत चाललेलं साल वेगळं असू शकतं. 'द एम्प्टी हाउस' १९०३ मध्ये छापली गेली, पण घडते १८९४ मध्ये. कपडे १८९४ चे हवेत.

सर्वाधिक चुका बायकांच्या बाह्यांमध्ये होतात. खांद्यावर फुग्यासारख्या फुगलेल्या बाह्या १८९० च्या दशकाच्या मध्यावरच्या. 'द साइन ऑफ फोर'मधल्या, म्हणजे १८८८ च्या सुमाराच्या, मेरी मॉर्स्टनला त्या चालत नाहीत. तेव्हा बाह्या अरुंद होत्या आणि स्कर्टला मागून उभार असे. शिवाय तिचा पोशाख कथेतच दिलाय: करडट बेज रंगाचा, झालर नाही, गोंडे नाहीत, त्याच रंगाची छोटी टोपी आणि बाजूला पांढऱ्या पिसाची नुसती झाक. हातात चांगले मोजे. पैसे कमी पण नीटनेटकी. तिला लेस आणि दागिन्यांनी मढवणारं चित्र तिथेच चुकलं.

मिसेस हडसन १८९४ मधली असली तरी काम करणारी घरमालकीण आहे, तेव्हा बाही किंचित भरलेली आणि कापड गडद, साधं धरा. हे ताडलेलं आहे, दुसऱ्या रकान्यात लिहा.

बाकी पटापट. स्कॉटलंड यार्डचे डिटेक्टिव्ह साध्या कपड्यांत वावरायचे. शिरस्त्राणासारखी टोपी गणवेशातल्या शिपायाची, लेस्ट्रेडची नव्हे. हॅन्सम ही दुचाकी घोडागाडी, तिचा गाडीवान मागे उंचावर बसतो, पुढे नाही. रस्त्यावरचा उजेड गॅसचा.

## ६. पेन्सिल: या क्रमाने

आधी शरीराचा एकूण झोक, एका वाकड्या रेघेत. मग हात. मग हातातली वस्तू. मग कपड्यांच्या घड्या, कारण त्या शरीर कुठे वाकलंय ते सांगतात. सगळ्यात शेवटी चेहरा.

हातांवर वेळ घालवा, चेहऱ्यापेक्षा दुप्पट. मिसेस हडसनचा पुतळ्याकडे गेलेला हात सावध हवा: बोटं पसरलेली नाहीत, तळवा बैठकीला टेकलेला, मनगट ताठ. आरशासमोर स्वतः गुडघ्यांवर बसून तोच हात वर करून बघा. खांदा कुठे येतो ते लगेच कळतं, आणि बहुतेक चित्रांत तो चुकीच्या जागी का असतो तेही.

दोन पात्रं एकत्र असतील तर उंचीचं माप आधी ठरवा. चेस्टरटनच्या फादर ब्राउनकथांमधला फ्लँबो सहा फूट चार इंच आहे आणि शेजारचा फादर ब्राउन बुटका. हा फरक लाजत लाजत काढलात तर गंमत जाते. लेस्ट्रेड आणि यार्डातला दुसरा डिटेक्टिव्ह ग्रेगसन यांच्यातही तेच: ग्रेगसन उंच, गोरापान, पिंगट केसांचा, हातात वही, लेस्ट्रेड त्याच्या खांद्याखाली.

चेहऱ्याला आलात की मुद्दाम कुठल्याही नटाचा फोटो उघडू नका. पडद्यावरचा चेहरा किती चिवट असतो याचं उत्तम उदाहरण सत्यजित राय. फेलूदा या त्यांच्याच गुप्तहेराच्या कथांमधली चित्रं ते स्वतः काढत, चित्रपटही त्यांनीच केला, आणि 'सोनार केल्ला' (१९७४) आल्यानंतर त्यांच्या चित्रांमधला फेलूदाचा लेखक-मित्र जटायू त्या भूमिकेतल्या संतोष दत्त यांच्यासारखा दिसू लागला. लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक एकच असताना हे होतं. आपली काय कथा!

मिसेस हडसनचा चेहरा पूर्ण तुमचा. वय ठरवा, नाक ठरवा, आणि पुढच्या चित्रांतही तेच ठेवा. मी तिला आजी करत नाही. गुडघ्यांवर ये-जा करणारी बाई पन्नाशीचीही असू शकते.

सावधान: भाव ओठांवर काढू नका. भीती, अभिमान, कंटाळा हे मान आणि खांद्यांतून येऊ द्या. चेहऱ्यावर 'भाव' रंगवला की पात्र नाटकी होतं.

## ७. शाई आणि रंग

सिडनी पॅजेटने १८९१ पासून 'द स्ट्रँड मॅगझिन'मध्ये होम्सकथांसाठी काढलेल्या चित्रांसारखं करायचा मोह सगळ्यांना होतो. पण त्यातल्या बारीक आडव्या-उभ्या रेघांची नक्कल करत बसू नका. पॅजेटचं काम बरंचसं वॉशचं, म्हणजे पातळ रंगाच्या हातांचं असे, आणि सुरुवातीच्या चित्रांमधल्या रेघा छपाईचे ठसे कोरणाऱ्यांच्या आहेत. तो परिणाम हवा असेल तर पाण्यात पातळ केलेल्या शाईचे दोन-तीन हात द्या.

रंगात केलं तर उजेड एकाच दिव्यातून येऊ द्या. सगळं तपकिरी करून 'जुनं' दाखवायची गरज नाही.

## ८. सोबतचा मजकूर

चित्राखाली चार-पाच ओळी लिहा. त्यात कथेचं नाव हवं, क्षण हवा, आणि कथेत काय आहे व तुम्ही काय जोडलंय हे वेगळं सांगितलेलं हवं. मिसेस हडसनच्या चित्राखाली मी असं लिहीन: 'द एम्प्टी हाउस. दर पाव तासाला. गुडघे, पुतळा आणि ड्रेसिंग गाऊन कथेतला. चेहरा आणि झगा माझा.' रहस्य फुटत असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगा.

दुय्यम पात्राचं कौतुक करताना नायकाला झोडपायची एक विचित्र सवय लागलेली दिसते. 'खरं डोकं वॉटसनचं', 'होम्स नुसता मिरवतो' वगैरे. असं लिहिलं की वाचकाच्या लक्षात वाद राहतो, पात्र राहत नाही. कथेतलाच पुरावा द्या. लेस्ट्रेडबद्दल लिहायचं तर 'द सिक्स नेपोलियन्स' आहेच: तिथे तो होम्सला सांगतो की यार्डात तुमचा कुणी हेवा करत नाही, उलट अभिमान बाळगतो, आणि होम्स क्षणभर हलतो. हा एक प्रसंग सांगितला की लेस्ट्रेड मूर्ख नाही हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

विशेषणंही गाळा. 'निष्ठावान', 'अजरामर', 'लाडकी' काढून टाका आणि त्या जागी पात्राने केलेली एक कृती लिहा.

## ९. हक्क

कॉनन डॉयलचं निधन १९३० चं. ब्रिटनमध्ये त्याचं लेखन २००० अखेरीस कॉपीराइटमधून मुक्त झालं, अमेरिकेत शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ ला. ख्रिस्तीचं निधन १९७६ चं; 'स्टाइल्स' अमेरिकेत मुक्त आहे, ब्रिटनमध्ये अजून नाही. प्रत्येक देशाची मुदत वेगळी, तेव्हा प्रिंट विकायच्या आधी तुमच्या देशातली बघून घ्या. मालिका-चित्रपटांमधले कपडे, नेपथ्य आणि नटांचे चेहरे हे निराळे हक्क आहेत. मूळ कथा मुक्त झाली म्हणून ते मुक्त होत नाहीत. नोंदीचा तिसरा रकाना इथेही कामाला येतो: त्यातलं काही चित्रात उरलंय का ते विक्रीआधी एकदा ताडून पाहा.

आणि दुसऱ्या कुणा चाहत्याने घडवलेला चेहरा किंवा पोशाख आवडला म्हणून वापरत असाल तर आधी विचारा, परवानगी मिळाली तर त्याचं नाव चित्राखालीच लिहा.